पन्ह्याचा नळ

गुजरातेत, सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरमालकांच्या फाटकावर पांढऱ्या ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'बिजागऱ्या उलट्या बसवल्या. फाटक बाहेर उघडते. चूक माझी.' भाड्याचं घर बघायला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे वाचायच्या आधी मी फाटक दोनदा हाताने आत ढकललं, एकदा खांद्याने ढकललं आणि मग वाचलं. व्हरांड्यात एक सडसडीत म्हातारे गृहस्थ उभे राहून हा सगळा प्रयोग बघत होते.

"आधी वाचायचं, मग ढकलायचं," ते म्हणाले. "काम काय करता?"

"इंजिनिअर आहे."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर चार वर्षं आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिलो, पण त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारली नाही. 'अहो इंजिनिअर' म्हणत. त्यात कुचेष्टेचा मागमूस नसायचा, पूर्ण आदर असायचा, आणि त्याचाच मला त्रास व्हायचा. कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर असलो तरी नोकरीत मी फक्त प्रेझेंटेशनं करतो. गेल्या दहा-बारा वर्षांत मी हातात घेतलेलं सगळ्यात जड हत्यार म्हणजे लेझर पॉइंटर.

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांचं घर असल्या पाट्यांनी भरलेलं होतं. पाण्याच्या पंपावर : 'वायरी उलट्या जोडल्या. मोटर उलटी फिरली. चूक माझी.' जिन्याच्या सातव्या पायरीवर : 'माप चुकले. अर्धा इंच उंच. चूक माझी.' आमच्या न्हाणीघरात, उभं राहिल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा जागी : 'उतार दाराकडे गेला. चूक माझी.' पहिल्या आठवड्यातच माझी बायको म्हणाली, "या माणसाने आयुष्यात एक तरी गोष्ट धड केली असेल का रे?"

केल्या होत्या. शेकड्यांनी केल्या होत्या. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ते शीतगृहाच्या यंत्रांवर फोरमन होते, आणि निवृत्तीनंतरही तिथली माणसं अडलं की विचारायला घरी यायची. मी एकदा म्हटलं, काका, नीट झालेल्या कामांवर काही का लिहीत नाही? "ते चालतंय ने," ते म्हणाले, "त्याच्यावर काय लिहायचं?"

पाट्या लिहायचा ब्रश व्हरांड्याच्या खिडकीत, तुपाच्या जुन्या डब्यात टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलेला असे. राहायला आलो त्याच महिन्यात मी वरच्या स्वयंपाकघरातला नळ जोर लावून बंद करताना मोडला. काकांनी तासाभरात दुसरा बसवला, मग खाली जाऊन तो ब्रश घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या. लिहा."

मी हसलो. ते हसले नाहीत. तेव्हा मी म्हणालो, "काका, तो नळ आधीपासूनच ढिला होता हो."

"बरं," ते म्हणाले आणि ब्रश परत घेऊन गेले. नळावर काहीच लिहिलं गेलं नाही. मला वाटलं, सुटलो.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. ताप बघायचा नव्हे. लांब सुई आणि वर छोटी तबकडी असलेला, कारखान्यातला. कुणीही चहा पुढे केला की काका आधी सुई बुडवत. "बाहत्तर. थांबा." दोन मिनिटांनी, "पासष्ट. प्या." एका लग्नात त्यांनी पंगतीत श्रीखंडात सुई खुपसली आणि वाढप्याला सांगितलं, "सोळा. हे आठच्या खाली पाहिजे, सांगा तुमच्या महाराजांना." त्या लग्नाला मीही होतो. मी पान घेऊन दोन जागा पलीकडे सरकलो. रात्री श्रीखंड खाल्लेल्यांची पोटं बिघडली, त्यात माझंही होतं. काकांनी श्रीखंडाला हात लावला नव्हता.

त्यांचं एक ठाम मत होतं की थंडी अशी वस्तू जगात नाहीच. "आपण काही गार करत नाही, इंजिनिअर. उष्णता उचलायची आणि दुसरीकडे नेऊन टाकायची, बस. कुठे टाकायची ते आधी ठरवायचं." हे ते स्वतःवरही चालवत. राग आला की बोलता बोलता थांबत, "उष्णता टाकून येतो," म्हणत, आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली जाऊन पाठमोरे उभे राहत. किती वेळ उभे आहेत त्यावरून आम्ही वर गॅलरीतून अंदाज बांधायचो. पाच मिनिटं म्हणजे वर्तमानपत्र, पंधरा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती आणि आम्हालाही अशा झाडाची गरज होती, पण ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता काकूंबद्दल सांगतो. कारण पुढचा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता, आणि हे मला समजायला जितका वेळ लागला तितका तुम्हाला लागू नये.

काकूंचं चैत्रातलं हळदीकुंकू आमच्या भागात प्रसिद्ध होतं. पाळण्यात गौर, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. मराठी बायका तर येतच, पण सोसायटीतल्या गुजराती बायकाही वाट बघत असत. काकूंचा एकच नियम होता. पन्ह्याचा प्रत्येक ग्लास त्या स्वतः भरायच्या आणि स्वतःच्या हाताने द्यायच्या. सुनांना, भाच्यांना, मोलकरणीला, कुणालाही त्या भांड्याला हात लावू द्यायच्या नाहीत. आम्ही राहायला यायच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं सुधारलं, काठीने चार पावलं चालायला लागल्या, पण उजवा हात काही परत आला नाही. त्यानंतरचे दोन चैत्र हळदीकुंकू झालं नाही. माझी बायको म्हणाली, काकू, आम्ही सगळं करू, तुम्ही नुसत्या बसा. काकू म्हणाल्या, "माझ्या घरी दुसरीनं पन्हं द्यायचं आणि मी बघत बसायचं? नको. गौरीला सांगितलंय मी, यंदा नाही जमत."

हे त्या हसत म्हणाल्या. काका तेव्हा दारात होते. ते झाडाखाली गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास एका सकाळी टेम्पो आला आणि त्यातून माणूस आडवा झोपेल एवढा मोठा डीप फ्रीझर उतरला. मांडवीतलं एक आइस्क्रीमचं दुकान बंद झालं होतं, तिथून काकांनी आणला होता. त्याबरोबर एका सोडावाल्याच्या जुन्या मशीनमधून काढलेल्या दोन उंच स्टीलच्या टाक्या आणि दोन नळ. हे नळ फिरवायचे नव्हते. नळाच्या मागे एक दांडी असते, ग्लासानेच ती मागे ढकलायची की धार सुरू, ग्लास काढला की बंद. काकांनी मला खाली बोलावलं, माझ्या डाव्या हातात ग्लास दिला आणि उजवा हात पाठीमागे धरायला लावला.

"आता भरा."

मी भरला. कोरडाच, कारण नळाला अजून काही जोडलं नव्हतं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हणालो, "काका, एवढं कशाला? स्टीलचं पिंप आणा ना, त्याला तोटी असते."

"तोटी फिरवायला एक हात, ग्लास धरायला दुसरा," काका म्हणाले. "आणि पिंप दर दहा मिनिटांनी भरणार कोण? परत दुसरी बाई उभी करायची?"

तेव्हा कुठे मला कळलं. मी इतका ओशाळलो की लगेच म्हणालो, मी मदत करतो. त्या क्षणापर्यंत काम व्यवस्थित चाललं होतं.

योजना अशी होती. फ्रीझर मुळात बर्फ करायचा, म्हणून त्याच्या वायरीत एक डबी बसवायची, जी आतलं तापमान चार झालं की त्याला बंद करेल. टाक्यांत पन्हं, बाजूला गॅसचं छोटं नळकांडं. सोड्यात असतो तोच गॅस, तो टाकीत दाबला की पन्हं नळीतून नळाकडे चढणार. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये सागवानी फळ्यांची चौकट, आणि नळ त्या लाकडात. "लाकडात का?" असं मी विचारलं, आणि काका म्हणाले, "पेटीच्या भिंतीत फ्रीझरच्या स्वतःच्या गॅसच्या नळ्या असतात, इंजिनिअर. भिंतीला हात लावायचा नाही." हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

माझं योगदान म्हणजे जुन्या कॉम्प्युटरमधला एक पंखा, आतली गार हवा वर नळापर्यंत फिरवायला. तो उत्तम चालला, त्यामुळे त्यावर काही लिहिलं गेलं नाही. मी मात्र ऑफिसात सगळीकडे सांगत सुटलो की घरी ड्राफ्ट सिस्टिम बसवतोय, नळ दाबला की गार पेय. दारूबंदीच्या गुजरातेत राहणाऱ्या माणसाने हे वाक्य हळू आवाजात बोलावं आणि त्यापुढे लगेच पेयाचं नाव सांगावं, हे मला सुचलं नाही. पुढच्या शनिवारी चार सहकारी चिवडा आणि खारे शेंगदाणे घेऊन माझ्या दारात उभे होते. त्यांना पन्हं पाजून परत पाठवलं. त्यातला एक अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

बातमी सोसायटीतही पसरली होतीच. स्टीलच्या टाक्या, गॅस, नळ. सेक्रेटरीभाई आले, फ्रीझरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "काका, आ शुं मांड्युं छे? लोको वातो करे छे."

"लोकोने मोकलो," काका म्हणाले, म्हणजे लोकांना इकडेच पाठवा. त्या दिवशी टाकीत चाचणीसाठी जिऱ्याचा सोडा भरला होता. त्यांनी ग्लास भरून पुढे केला, आधी सुई बुडवायला विसरले नाहीत. "चार. पीओ."

सेक्रेटरीभाईंनी हुंगलं, एक घोट घेतला, मग सगळा ग्लास संपवला. दुसरा मागितला. दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन तपासणीला आले, आणि ही तपासणी आठवडाभर रोज संध्याकाळी चालली.

पन्ह्याने मात्र छळलं. पहिल्या दिवशी कैरीच्या दोऱ्यांनी नळी तुंबली. मग काकूंनी खुर्चीत बसून गर मलमलीतून गाळून घेतला. म्हणजे गाळला मी, त्यांनी डाव्या हाताने माझ्या चुका दाखवल्या. दुसऱ्या दिवशी गॅसचा दाब मी वाढवून ठेवला आणि पन्हं फेस होऊन थेट छतावर गेलं. केशराचा एक डाग तिथे नंतर कायम राहिला. तिसऱ्या दिवशी धार नीट आली, पण काकूंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "जिभेला चावतंय हे. चावणाऱ्याला पन्हं म्हणायचं का?" काकांनी दाब इतका उतरवला की पन्हं फक्त चढेल, फसफसणार नाही. चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या, "हं." काका खूश झाले. बाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. तेव्हा मला कळलं की तिथे फक्त राग टाकत नाहीत.

आणि मग उंचीचा घोटाळा निघाला. चौकटीतले नळ जमिनीपासून छत्तीस इंचांवर होते. काकू खुर्चीत बसून भरलेला ग्लास डाव्या हाताने न हिंदकळता धरू शकत होत्या तो सत्तावीस इंचांवर. काकांनी टेपने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नऊ इंचांचा फरक आला. मग त्यांनी ठरवलं की खुर्चीखाली उताराचा लाकडी चौथरा करायचा. तरसालीतल्या एका सुताराला काम सांगितलं. काकूंना ते अजिबात पसंत नव्हतं. "मला सिंहासनावर चढवू नका. एवढ्या बायकांसमोर पडले म्हणजे?" त्यांच्या आवाजात खरी भीती होती. पण दुसरा मार्ग नव्हता, आणि हळदीकुंकवाला चार दिवस उरले होते. आमंत्रणं गेली होती.

तो रविवार. बायको बाजारात गेलेली. काका चौथरा आणायला तरसालीला गेलेले. काकू आतल्या खोलीत पडलेल्या. आणि मी फ्रीझरसमोर उभा राहून विचार करत होतो की चौथरा कशाला? नळच नऊ इंच खाली घेतले तर? पेटीला सरळ सत्तावीस इंचांवर भोक पाडलं तर? काका परत येतील तोवर काम तयार. मला काकूंचा चेहरा दिसायला लागला. मला काकांचा चेहराही दिसायला लागला, आणि त्यात ते पहिल्यांदाच 'इंजिनिअर' हा शब्द अर्थासकट म्हणत होते.

मी ड्रिल घेतलं. पत्रा छान कापला गेला. मग आतला फोम गेला. मग काहीतरी किंचित अडलं, मी जोर लावला, आणि भोकातून सूंऽऽ असा आवाज यायला लागला.

पदवी मिळवलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी भोकात बोट घातलं. बोट गार पडलं, मग बधिर झालं, पण काढायची हिंमत होईना. आवाज हळूहळू बारीक होत थांबला, तरी मी बोट काढलं नाही. काका परत आले तेव्हा मी तसाच उभा होतो.

त्यांनी ड्रिल बघितलं, माझं बोट बघितलं. "गॅस गेला," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मग चौथरा तिथेच ठेवून ते झाडाखाली गेले. मी खिडकीतून बघत होतो. पंधरा मिनिटं झाली, सेक्रेटरीभाई मागे पडले. अर्धा तास झाला. पाऊण तासाने ते परत आले.

"भिंतीत नळ्या असतात," ते म्हणाले.

"हो काका. तुम्ही सांगितलं होतं."

"दोनदा सांगायला पाहिजे होतं."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, दुरुस्त नाही का होणार? काका म्हणाले, फोम कापायचा, नळी जोडायची, गॅस भरायचा, आठवड्याचं काम. आणि आमच्याकडे चार दिवस होते. ते बराच वेळ त्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "पेटी सरस आहे. आत यायला उष्णतेला वेळ लागेल. बर्फाच्या लाद्या टाकू."

हे त्यांना किती जड गेलं ते मला ठाऊक आहे. बर्फ टाकून गार करणाऱ्यांना ते आयुष्यभर हसत आले होते. "बर्फ काय, उसाचा रस विकणाराही टाकतो," असं त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. आणि आता काकूंच्या पन्ह्याला ते स्वतः बर्फ आणणार होते, तोही माझ्यामुळे.

मग त्यांनी माझ्या भोकाजवळ टेप लावली. सत्तावीस. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आता भिंतीत गॅसच नाही. आता कुठेही पाडा," ते म्हणाले आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "दुसरं पण तुम्हीच पाडा. शांतीथी. घाई नको ने."

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांनी घराबाहेर जायचं असतं, पण काका आतल्या खोलीच्या पडद्यामागे उभे राहिले आणि मलाही थांबवून घेतलं. बर्फ कमी पडला तर लागाल म्हणाले. बाहेर पन्नासेक बायका. पाळण्यात गौर, आणि तिच्या बाजूला, हिरव्या लुगड्याला शोभेल असा हिरवा रंग दिलेला आमचा फ्रीझर. काकू खुर्चीत बसल्या होत्या, जमिनीवरच, चौथऱ्याशिवाय.

पहिला ग्लास त्यांनी डाव्या हातात घेतला आणि दांडीपर्यंत नेऊन थांबल्या. तिथेच थांबल्या. मला वाटलं हात थकला. काकांनी पडदा मुठीत धरला. काकू समोर बसलेल्या सेक्रेटरीभाईंच्या पत्नीला म्हणाल्या, "डाव्या हातानं द्यायचं म्हणजे... सवाष्णीला डाव्या हातानं कसं देऊ हो?"

एवढ्या सगळ्या जुळवाजुळवीत ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. तापमान, दाब, उंची, सगळं मोजलं होतं. काकांचा चेहरा मी बघितला आणि नजर दुसरीकडे वळवली.

त्या बाई पटकन म्हणाल्या, "हाथ तो तमारो ज छे ने, काकी? लावो." आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

काकूंनी दांडी दाबली. धार आली, सरळ, बारीक, न फसफसता. ग्लास भरला, थोडं पन्हं बोटांवरून ओघळलं, पण ग्लास ओंजळीत गेला. मग दुसरा. मग तिसरा. पन्नास बायकांना त्यांनी पन्नास ग्लास दिले आणि एकीलाही मदत करू दिली नाही. पडद्यामागे काका प्रत्येक ग्लासाला मान हलवत होते. ते रडत होते, हे मी त्यांच्याकडे न बघताही सांगू शकत होतो, कारण मीही रडत होतो.

शेवटी बायकांनी काकांना बाहेर बोलावलं. कुणीतरी विचारलं, "केटला डिग्री, काका?" काकांनी सुई बुडवली. "अकरा," ते म्हणाले. "चार पाहिजे होतं. भिंतीतली नळी माझ्या हातून फुटली. बर्फ टाकलाय."

तापमानाच्या बाबतीत काकांनी आयुष्यात थाप मारली नाही, त्या दिवशीही नाही. थाप मारली ती नळीबद्दल. मी पडद्याशेजारी उभा होतो. माझी बायको पुढे होऊन म्हणाली, "काका, या वयात ड्रिल कशाला हातात घेता तुम्ही? यांना सांगायचं ना!" आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो ना, मला सांगायचं, अशी. पन्नास बायकांसमोर, स्वतःच्या बायकोसमोर, मी ती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी फ्रीझरवर, माझ्या भोकाच्या खाली, पांढऱ्या अक्षरात पाटी आली : 'भिंतीतली नळी फोडली. गॅस गेला. चूक माझी.'

मला वाटलं, आज संध्याकाळी जाऊन सांगेन. मग वाटलं, उद्या. मग आम्ही तरसालीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. दर चैत्रात बायको काकूंकडे जायची, डाव्या हातचं पन्हं पिऊन यायची, आणि काका दर वर्षी बर्फच आणायचे. फ्रीझर त्यांनी दुरुस्त केला नाही. सत्तावीस इंचांवरचे नळ त्यांना घालवायचे नव्हते.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांचा ताप आणि मग झोपेतच. चैत्र सरल्यावर काकू मुलीकडे पुण्याला जायला निघाल्या, घर रंगवून विकायचं ठरलं. आम्ही दोघं भेटायला गेलो. फाटक मी सवयीने आत ढकललं. काकू म्हणाल्या, "रंगारी सोमवारी येणार. पाट्या सगळ्या जातील. तो फ्रीझर तू ने, तुझ्याकडे राहू दे." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पण खोटं लिहिलेलं घरात ठेवू नकोस हं."

बायको म्हणाली, "खोटं काय?"

"ते तरसालीला गेले होते त्या दिवशी," काकू म्हणाल्या. "मी आत पडले होते. माझा हात गेलाय, कान नाही गेलेले. ड्रिलचा आवाज ऐकला मी." इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. दर चैत्रात त्यांनी माझ्या बायकोबरोबर माझ्यासाठी बाटली भरून पन्हं पाठवलं होतं आणि एका शब्दाने कधी विचारलं नव्हतं.

खिडकीतला तुपाचा डबा तिथेच होता. टर्पेंटाइन आटून ब्रश दगडासारखा झाला होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरा रंग आणि नवा ब्रश आणला, फ्रीझरपुढे गुडघ्यांवर बसलो आणि काकांच्या वळणदार अक्षरांखाली लिहिलं : 'वरचे खोटे आहे. भोक मी पाडले. चूक माझी.' रंग पातळ झाला होता, अक्षरं ओघळली.

"घाणेरडं अक्षर," काकू म्हणाल्या. "आणि मी म्हणजे कोण? लोकांना कळायला नको? नाव घाल."

मी थोडा विचार केला आणि खाली लिहिलं : 'इंजिनिअर.'

बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती. मग म्हणाली, "एवढा एकच शब्द लिहिला असतास तरी सगळ्यांना कळलं असतं." काकू हसल्या. मीही हसलो, ब्रश डब्यात ठेवला आणि अंगणात कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. बराच वेळ लागला.